आपल्याच संघाची हुर्यो

प्रतिपक्षाची हुर्यो उडविणें हा क्रीडांगणावरील प्रेक्षकांचा जुनाच विनोद आहे. तो कोणी फारसा मनास लावून घेत नाहीं. परंतु ज्या संघाचे रंग अंगावर मिरवावयाचे, ज्याच्या जयानें आठवडाभर मान ताठ ठेवावयाची आणि ज्याच्या पराजयानें रात्रीचें जेवणहि गोड लागावयाचें नाहीं, त्याच संघावर त्याच्याच माणसांनीं शिट्यांचा आणि धिक्काराचा वर्षाव करावा, हें दृश्य निराळें आहे. त्यांत राग आहे तसें दुःखहि आहे. हक्काची जाणीव आहे तशी कृतघ्नताहि असूं शकते. युरोपांत व दक्षिण अमेरिकेंत फुटबॉलच्या मैदानांवर हें दृश्य वारंवार दिसतें आणि प्रत्येक वेळीं तोच वाद पुन्हां उपस्थित होतो. एक पक्ष म्हणतो, तिकिटाचे पैसे मोजणाऱ्यास टाळी वाजविण्याचा जसा अधिकार आहे, तसाच शिटी वाजविण्याचाहि आहे. दुसरा पक्ष विचारतो, अडचणींत सापडलेल्या आपल्या माणसास जो आणखी खालीं ओढतो, तो आपला कसला? हा वाद नुसत्या तर्कानें मिटण्यासारखा नाहीं. प्रेक्षकांच्या धिक्काराला तेवीस शतकांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासांत या प्रश्नाचीं उत्तरें विखुरलेलीं आहेत.

प्राचीन ग्रीसमध्यें अथेन्सचें नाट्यगृह उघड्या आकाशाखालीं असे आणि हजारों नागरिकांनीं तें भरून जाई. नट आवडला नाहीं कीं प्रेक्षक शीळ घालीत, गलका करीत आणि त्याला रंगभूमि सोडावयास लावीत. इ. स. पूर्वीं ३३० मध्यें डिमॉस्थेनीस या प्रख्यात वक्त्यानें न्यायसभेंत ईस्किनीस या आपल्या प्रतिस्पर्ध्याची जी टर उडविली, तिचा आधार हाच होता. ईस्किनीस पूर्वायुष्यांत नट होता. तो रंगभूमीवरून शिट्यांनीं हांकलला गेला आणि त्या शिट्या वाजविणारांत आपण स्वतः होतों, असें डिमॉस्थेनीसनें त्याला भर सभेंत सुनावलें. शिटी वाजविली ही गोष्ट अथेन्सच्या नागरिकास लाजिरवाणी वाटत नव्हती. उलट ती अभिमानानें सांगण्याजोगी होती.

प्लेटोला मात्र हा प्रकार मुळींच मानवत नव्हता. आपल्या ‘कायदे’ या अखेरच्या मोठ्या ग्रंथांत तो सांगतो कीं, पूर्वीं जाणते लोक शांतपणें शेवटपर्यंत ऐकत आणि मग मत देत. पुढें गर्दीच्या गोंगाटाला निर्णयाचा मान मिळाला आणि जाणत्यांच्या राज्याच्या जागीं प्रेक्षकांचें राज्य आलें. या स्थितीला त्यानें जो शब्द योजला, त्याचें मराठी रूप ‘प्रेक्षकशाही’ असें करतां येईल. प्लेटोची भीति केवळ नाटकापुरती नव्हती. गाण्याची पारख आपल्याला आहे असें ज्याला वाटूं लागलें, त्याला पुढें प्रत्येक गोष्टीची पारख आपल्याला आहे असें वाटूं लागेल, ही ती भीति होती.

रोममध्यें या शिटीला राजकारणाची धार आली. इ. स. पूर्वीं ५९ मध्यें अपोलो देवाच्या उत्सवांतील एका नाटकांत डिफिलस नांवाच्या नटानें एक वाक्य असें म्हटलें कीं, त्याचा रोख बलाढ्य सेनापति पाँपी याच्यावर आहे हें सर्वांनीं ओळखलें. प्रेक्षकांनीं तें वाक्य त्याच्याकडून पुन्हां पुन्हां म्हणवून घेतलें. संगीत नाटकांच्या काळांतल्या मराठी प्रेक्षकांचा ‘वन्समोअर’ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या प्रसंगाची गोडी निराळी सांगावयास नको. त्याच प्रसंगीं सीझर आंत आला तेव्हां टाळ्या एकदम थंडावल्या, आणि त्याच्यामागून तरुण क्यूरिओ आला तेव्हां कडकडाट झाला. हा वृत्तांत सिसेरोनें आपल्या मित्रास पत्रानें कळविला. तीन वर्षांनीं न्यायालयापुढें बोलतांना त्यानें असें प्रतिपादन केलें कीं, रोमन जनतेचें मत तीन ठिकाणीं प्रकट होतें : सभांत, मतदानांत आणि खेळ-तमाशांत. म्हणजे प्रेक्षकांची टाळी व शिटी हें एक प्रकारचें मतदानच होय. ज्यांना इतर ठिकाणीं कोणी विचारीत नाहीं, त्यांचें तर तें एकमेव मतदान होय.

हा विचार कायद्याच्या कसोटीस लागला तो लंडनमध्यें. तेथील कॉव्हेंट गार्डनचें नाट्यगृह १८०८ सालीं जळालें. तें नव्यानें बांधून सप्टेंबर १८०९ मध्यें उघडलें, तेव्हां चालक जॉन केंबल यानें खर्च भरून काढण्यासाठीं दर वाढविले. जमिनीवरील बैठकीचें तिकीट साडेतीन शिलिंगांचें चार शिलिंग झालें आणि धनिकांसाठीं खासगी कक्ष वाढविण्यांत आले. पहिल्याच रात्रीं ‘मॅक्बेथ’चा एक शब्दहि कोणास ऐकूं आला नाहीं. ‘जुने दर, जुने दर’ असा घोष सुरू झाला. पुढें सदुसष्ट रात्रीं लोक घंटा, कर्णे आणि खुळखुळे घेऊन येत, फलक उंचावीत, बांकांवर नाचत. अखेर डिसेंबरांत केंबलला माघार घ्यावी लागली व खालच्या बैठकीचा जुना दर कायम झाला.

या प्रकरणांतून एक खटला उद्भवला. क्लिफर्ड नांवाच्या एका बॅरिस्टरानें टोपीवर जुन्या दरांच्या मागणीचीं आद्याक्षरें लावलीं, म्हणून नाट्यगृहाच्या नोकरानें त्याला पकडविलें होतें. क्लिफर्डनें दावा लावला. न्यायाधीश सर जेम्स मॅन्सफील्ड यांनीं ज्यूरीस जें सांगितलें, तें आजहि विचार करण्याजोगें आहे. प्रयोग पाहतांना त्या क्षणीं मनांत जी भावना स्वाभाविकपणें उठेल, ती टाळीनें किंवा शिटीनें व्यक्त करण्याचा प्रेक्षकांस हक्क आहे. परंतु आधीं संगनमत करून, नटाला बोलूंच द्यावयाचें नाहीं अशा निश्चयानें येणें हा गुन्हा आहे, असा त्यांचा आशय होता. ज्यूरीनें क्लिफर्डच्या बाजूनें निकाल देऊन त्याला पांच पौंड भरपाई देवविली. तथापि न्यायाधीशांनीं आंखलेली रेषा कायम राहिली : उत्स्फूर्त शिटी योग्य, पूर्वनियोजित शिटी अयोग्य. ही रेषा फुटबॉलच्या मैदानावर कितपत टिकते, हें पाहणें मोठें उद्बोधक आहे.

इंग्लंडांत फुटबॉल असोसिएशन १८६३ मध्यें स्थापन झाली, १८८५ मध्यें पगारी खेळाडूंना मान्यता मिळाली आणि १८८८ मध्यें बारा क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली. गिरण्यांतील व खाणींतील कामगारांस शनिवारीं दुपारनंतर सुटी मिळूं लागली होती. ती सुटी आणि खिशांतील थोडे पेन्स घेऊन ते मैदानावर येऊं लागले. दारावर जमणाऱ्या पैशांवर क्लब उभे राहिले. वरकरणीं पाहतां नाट्यगृहाचाच हा व्यवहार : पैसे द्या, खेळ पाहा, आवडला तर टाळी, नावडला तर शिटी. परंतु एक मोठा फरक होता. नाटक आवडलें नाहीं तर प्रेक्षक दुसऱ्या नाट्यगृहांत जाऊं शकतो. संडरलंडचा कामगार आपला संघ हरूं लागला म्हणून न्यूकॅसलचा चाहता होऊं शकत नाहीं. त्याचा बाप त्याच संघाचा, शेजारी त्याच संघाचा, त्याच्या गांवाचें नांवच त्या संघाचें. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यानें १९७० मध्यें प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत संस्था ढासळूं लागली असतां माणसापुढें असलेल्या मार्गांचें विवेचन केलें आहे : एक सोडून जाण्याचा, दुसरा तक्रारीचा आवाज उठविण्याचा, आणि निष्ठा ही सोडून जाण्याला अडसर घालते. फुटबॉलच्या पाठीराख्याला पहिला मार्ग जवळजवळ बंदच असतो. म्हणून त्याच्या हातीं आवाज तेवढा उरतो. आपल्याच संघाची हुर्यो ही निष्ठेच्या अभावीं उडत नाहीं. पुष्कळदां ती निष्ठेपोटींच उडते, हें ध्यानांत घेतल्यावांचून या प्रश्नाचा विचार पुढें जात नाहीं.

या आवाजानें कधीं कधीं मोठें कार्य साधलें आहे. लिव्हरपूल क्लबनें आपल्या नव्या सज्जांतील सर्वांत महागडें तिकीट ७७ पौंडांचें करण्याचें ठरविलें, तेव्हां ६ फेब्रुवारी १९१६ नव्हे, २०१६ रोजीं, म्हणजे लंडनच्या त्या दंग्यानंतर दोनशें सात वर्षांनीं, त्याच मागणीचा प्रतिध्वनि उठला. संडरलंडविरुद्धचा सामना चालू होता आणि लिव्हरपूल दोन गोलांनीं पुढें होता. सत्त्याहत्तराव्या मिनिटाला सुमारें दहा हजार प्रेक्षक उठून चालूं लागले. रित्या बांकांसमोर उरलेल्या मिनिटांत संडरलंडनें दोन गोल केले व सामना बरोबरींत सुटला. संघाला त्या दिवशीं झळ पोंचली. परंतु चारच दिवसांनीं मालकांनीं क्षमा मागून दरवाढ मागें घेतली. पुढें एप्रिल २०२१ मध्यें युरोपांतील बारा धनाढ्य क्लबांनीं आपली स्वतंत्र ‘सुपर लीग’ काढण्याची घोषणा केली. तिच्यांत सहा इंग्लिश क्लब होते. दोनच दिवसांत त्यांच्याच पाठीराख्यांनीं चेल्सीच्या मैदानाबाहेर रस्ता अडविला आणि त्याच रात्रीं ते सहाहि क्लब एकामागून एक माघारीं फिरले. स्पेनमध्यें या कामासाठीं बैलझुंजीच्या रिंगणांतून एक सभ्य साधन आलें आहे. तेथें पांढरे रुमाल हालवून प्रेक्षक शूर झुंजाराचा गौरव करतात. फुटबॉलच्या मैदानावर तेच रुमाल हजारोंनीं फडकूं लागले कीं क्लबच्या अध्यक्षानें समजावें, लोक आपल्यावर रुष्ट आहेत.

या सर्व उदाहरणांत निषेध पूर्वनियोजित होता. सर जेम्स मॅन्सफील्ड यांच्या मतें जो प्रकार अयोग्य, तोच येथें विवेकी ठरला. कारण योजना करावयाची म्हटली कीं प्रथम विचार करावा लागतो : आपली मागणी काय, ती कोणाकडे करावयाची, आणि ती पुरी करणें त्याच्या हातांत आहे कीं नाहीं. सत्त्याहत्तर पौंडांसाठीं सत्त्याहत्तरावें मिनिट निवडणाऱ्यांनीं हे तिन्ही प्रश्न स्वतःस विचारले होते.

उलट, क्षणाच्या आवेगांत उठलेल्या शिटीचा हिशेब पाहिला तर तो फारसा समाधानकारक नाहीं. ६ डिसेंबर २००८ रोजीं लंडनमध्यें आर्सेनल व विगन यांचा सामना होता. इमान्युएल एबूए हा आर्सेनलचा खेळाडू दुखापतींतून नुकताच उठला होता. पहिल्याच अर्धांत एक सहकारी जायबंदी झाला, म्हणून त्याला आयत्या वेळीं आंत घेतलें आणि त्याच्या नेहमींच्या जागीं नव्हे, तर डाव्या बाजूस खेळविलें. त्याच्या चुका होऊं लागल्या. प्रत्येक चुकीबरोबर स्वकीयांच्या शिट्या वाढल्या, आणि शिट्यांबरोबर पुढची चूक जवळ आली. अखेरीस प्रशिक्षक आर्सेन व्हेंगर यांनीं बदली म्हणून आलेल्या त्या खेळाडूलाच पुन्हां बदललें, तेव्हां लोकांनीं उपहासानें जल्लोष केला. आर्सेनलनें तो सामना जिंकला होता. विजयाच्या दिवशींहि प्रेक्षकांना एक बळी हवासा वाटला, ही त्यांतली विचार करण्यासारखी गोष्ट.

गर्दीच्या आवाजाचा खेळावर परिणाम होतो, याबद्दल शंका घेण्यास आतां जागा उरलेली नाहीं. २०२० मध्यें महामारीमुळें जर्मनींतील लीगचे उरलेले सामने रित्या मैदानांवर खेळले गेले, तेव्हां यजमान संघांच्या विजयांचें प्रमाण एकाएकीं घटलें. आवाज जर पाय उचलूं शकतो, तर तो पायांत बेडीहि घालूं शकतो, हें ओघानेंच आलें.

येथें शिटीचे कैवारी एक जुनें उदाहरण पुढें करतात. १३ मे १९५९ रोजीं रिओ द जानेरोच्या माराकाना मैदानावर ब्राझील व इंग्लंड यांची गांठ होती. उजव्या बाजूस रिओचा लाडका गारिंशा खेळणार, या अपेक्षेनें लाखावर लोक जमले होते. प्रत्यक्षांत नांव पुकारलें गेलें साओ पाउलोच्या जूलिन्योचें. साऱ्या मैदानानें त्याची हुर्यो उडविली. हा तोच जूलिन्यो, ज्यानें आदल्या वर्षीं विश्वचषकासाठीं आलेलें बोलावणें नाकारलें होतें. कां, तर आपण इटलींत खेळतों, तेव्हां ती जागा ब्राझीलमध्येंच खेळणाऱ्यास मिळावी. सामना सुरू होऊन कांहीं मिनिटें होतात न होतात तोंच त्यानें गोल केला. दुसऱ्या गोलालाहि त्याचाच हात, अथवा पाय, लागला. ब्राझीलनें २–० असा विजय मिळविला आणि ज्यांनीं त्याचा धिक्कार केला होता, त्यांनींच उभें राहून त्याला टाळ्या दिल्या. शिटीनें वीर जागा झाला, असा निष्कर्ष यावरून काढतात. परंतु तो बरोबर नाहीं. यावरून सिद्ध होतें तें जूलिन्योचें धैर्य. शिटीचें औचित्य नव्हे. ज्या माणसाचा कांहींहि अपराध नव्हता, त्याला लाखभर लोकांनीं शिक्षा केली आणि ती त्यानें पचविली, एवढेंच तेथें घडलें. पचवूं न शकलेल्यांचीं नांवें इतिहासांत राहत नाहींत, म्हणून हें उदाहरण अधिक मोठें दिसतें.

गर्दी पारखींतहि चुकते. डिसेंबर १९८९ मध्यें मँचेस्टर युनायटेड आपल्याच मैदानावर क्रिस्टल पॅलेसकडून हरला, तेव्हां एका फलकावर प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसन यांना तीन वर्षांच्या सबबींचा हिशेब मांडून निरोप देण्यांत आला होता. पुढच्याच मे महिन्यांत त्याच क्रिस्टल पॅलेसला हरवून फर्ग्युसन यांनीं एफ. ए. कप जिंकला, आणि २०१३ मध्यें निवृत्त होईपर्यंत तेरा वेळां लीगचें विजेतेपद मिळविलें. चालकांनीं त्या फलकाचें ऐकलें असतें तर ज्यांनीं तो फलक वाचून माना डोलविल्या, त्यांचेंच सर्वांत अधिक नुकसान झालें असतें. ग्रानिट झाका याची कथा याच जातीची आहे. २७ ऑक्टोबर २०१९ रोजीं आर्सेनलचा हा कप्तान मैदान सोडीत असतां स्वकीयांनीं त्याला शिट्या मारल्या. त्यानें कानाला हात लावून त्यांना डिवचलें आणि अंगांतील सदरा काढून टाकला. त्याचें कप्तानपद गेलें. समाजमाध्यमांवर त्याच्या बायकोमुलीपर्यंत जे शाप पोंचले होते, ते त्यानें नंतर उघड केले. साडेतीन वर्षांनीं, मे २०२३ मध्यें, त्याच मैदानावरील आपल्या अखेरच्या सामन्यांत त्यानें दोन गोल केले आणि लोकांनीं त्याला प्रेमानें निरोप दिला. माणूस तोच होता आणि प्रेक्षकहि बहुतांशीं तेच होते.

येथपर्यंतच्या गोष्टींत चूक असेल, पण ती खेळाविषयींची चूक होती. याहून काळी बाजू पुढें आहे. शिटी खेळासाठीं वाजत आहे असें भासवून ती भलत्याच द्वेषासाठीं वाजविली जाते. जमेकांत जन्मलेल्या जॉन बार्न्स यानें जून १९८४ मध्यें माराकाना मैदानावर इंग्लंडसाठीं ब्राझीलविरुद्ध अविस्मरणीय गोल केला. त्याच दौऱ्यांत विमानांत असलेल्या कांहीं वंशद्वेष्ट्या इंग्लिश ‘पाठीराख्यां’नीं काळ्या माणसाचा गोल आपण मोजीत नाहीं, असें म्हणून त्याला हिणविलें. फेब्रुवारी १९९३ मध्यें वेंब्लीवर इंग्लंडनें सान मारिनोला ६–० असें हरविलें, त्या दिवशींहि बार्न्सच्या पायाला चेंडू लागला कीं मैदानांतून धिक्कार उठे. जून २०१८ मध्यें जर्मनीच्या इल्काय ग्युंदोआन यानें तुर्कस्तानच्या अध्यक्षांसमवेत छायाचित्र काढविलें होतें, म्हणून लेव्हरकूझेनमध्यें त्याच्यावर स्वकीयांनीं शिट्या मारल्या. जून २०२१ मध्यें मिडल्सबरो येथें इंग्लंडचे खेळाडू वर्णद्वेषाच्या निषेधार्थ सामन्यापूर्वीं गुडघा टेकीत, तेव्हां प्रेक्षकांपैकीं एक गट त्यांची हुर्यो उडवी आणि दुसरा गट टाळ्यांनीं ती दडपून टाकी. प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांना देशवासीयांस उद्देशून अनावृत पत्र लिहावें लागलें. या शिट्यांना खेळांतील गुणदोषांचें कांहींच कारण नव्हतें. त्या घरूनच मनांत ठरवून आणलेल्या होत्या; म्हणजे नुसती पूर्वयोजना ही सद्हेतूची हमी नव्हे, हेंहि येथें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

शिटीच्या बाजूनें आणखी एक युक्तिवाद नेहमीं केला जातो, तो पैशाचा. १९०१ मध्यें इंग्लिश लीगनें खेळाडूचा पगार आठवड्यास जास्तींत जास्त चार पौंड ठरवून दिला होता. खेळाडू त्याच गल्लींत राही, त्याच ट्रामनें मैदानावर येई. १९६१ मध्यें ही मर्यादा उठली, तेव्हां ती वीस पौंडांवर आली होती. लगेच फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्यास शंभर पौंड मिळूं लागले. आज नामांकित खेळाडूंना आठवड्यास लाख पौंड व त्याहूनहि अधिक मिळतात. एवढे पैसे घेणारानें दोन शिट्या सोसूं नयेत काय, असें लोक विचारतात. प्रश्न वाजवी वाटतो; पण पगार हा खेळण्याचा मोबदला असतो, मानहानि सोसण्याचा नव्हे. शिवाय तो पगार प्रेक्षकानें ठरविलेला नसतो, तसा बहुधा खेळाडूनेंहि एकट्यानें ठरविलेला नसतो. तो ठरविणारे सज्जाच्या वरच्या कक्षांत, कांचेआड बसतात, आणि शिट्यांचा आवाज तेथपर्यंत क्वचितच पोंचतो. मैदानावरचा माणूस समोर दिसतो, म्हणून त्याला शिक्षा होते. लंडनच्या जुन्या दंगेखोरांचें या बाबतींत कौतुक केलें पाहिजे; त्यांचा रोष नाटकांतल्या भूमिकेवर नव्हता, चालकाच्या दरपत्रकावर होता.

निराशेच्या परमावधीला काय करावें, याचे दोन धडे ब्राझीलनेंच जगाला दिले. ८ जुलै २०१४ रोजीं बेलो होरिझोंते येथें विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यांत जर्मनीनें अर्ध्या वेळेपूर्वींच पांच गोल केले. ब्राझीलच्या प्रेक्षकांनीं आपल्या संघाची, विशेषतः फ्रेड या आघाडीच्या खेळाडूची, निर्दय हुर्यो उडविली. पण जर्मनीच्या शुर्लेनें सातवा गोल केला तेव्हां त्याच प्रेक्षकांनीं उठून टाळ्या वाजविल्या. सामना ७–१ असा संपला. २००५ च्या नोव्हेंबरांत माद्रिदच्या प्रेक्षकांनीं बार्सेलोनाच्या रोनाल्डिन्योला अशाच टाळ्या दिल्या होत्या. परक्याच्या गुणाला दिलेली टाळी ही आपल्यांस दिलेली सर्वांत बोलकी आणि सर्वांत सभ्य समज होय. तींत कोणाचा अपमान नाहीं, आणि मापदंड मात्र स्पष्ट सांगितला जातो.

दुसरा धडा १६ जुलै १९५० चा. माराकानावर त्या दिवशीं तिकीट काढून आलेल्यांचीच संख्या १,७३,८५० होती. युरुग्वेनें दुसरा गोल केला आणि विश्वचषक ब्राझीलच्या हातून गेला. मैदानावर शिट्या वाजल्या नाहींत. भयाण शांतता पसरली. पण ती शांतता दयाळू नव्हती. गोलरक्षक मोआसिर बार्बोझा याच्यावर सारा दोष लादला गेला आणि तो पुढें कधींच उतरला नाहीं. ब्राझीलच्या कायद्यांत जास्तींत जास्त शिक्षा तीस वर्षांची, आपण मात्र पन्नास वर्षें भोगली, असें तो उतारवयांत म्हणत असे. २००० सालीं तो वारला. मैदानावरील शिटी नव्वद मिनिटांत संपते; मनांत धरलेला दोष संपत नाहीं. तेव्हां नुसतें मौन म्हणजे क्षमा, असेंहि समजण्याचें कारण नाहीं.

हा विषय परक्या देशांचा व परक्या खेळाचा म्हणून मुंबईकरास बाजूला सारतां येणार नाहीं. फुटबॉलच्या जागीं क्रिकेट ठेवलें कीं झालें. मार्च २००६ मध्यें वानखेडे मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या कसोटींत सचिन तेंडुलकर एका धावेवर बाद होऊन परतला, तेव्हां त्याच्याच शहरांतील कांहीं प्रेक्षकांनीं त्याची हुर्यो उडविली. त्याच मैदानावर एप्रिल २०२४ मध्यें मुंबई इंडियन्सचा कप्तान हार्दिक पंड्या नाणेफेकीस आला, आणि रोहित शर्माच्या जागीं त्याला नेमल्याचा राग लोकांनीं त्याच्यावरच काढला. नेमणूक करणारे निराळे होते. शिट्या मिळाल्या त्या नेमलेल्याला. तीन महिन्यांच्या आंत त्यानें विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचें शेवटचें षटक टाकून भारताला विजय मिळवून दिला, आणि ४ जुलै रोजीं वानखेडे मैदान त्याच्याच नांवाच्या घोषानें दुमदुमलें. जूलिन्योच्या कथेची ही जणूं मराठी मुलखांतील आवृत्ति.

तेव्हां आपल्या संघाची हुर्यो उडवावी कीं उडवूं नये? इतिहासाचा कौल सरसकट ‘नाहीं’ असा नाहीं. ज्याला सोडून जातां येत नाहीं, त्याचा आवाज काढून घेणें हा अन्याय होईल. आणि तो आवाज नसता तर तिकिटांचे दर, मालकांची मनमानी व संघाची हेळसांड यांना आळा घालणारें दुसरें कोणीहि नव्हतें. परंतु ज्या शिट्यांनीं कांहीं चांगलें घडविलें, त्या बहुतेक सर्व, ज्याच्या हातीं सुधारणा करणें होतें त्याच्यावर रोखलेल्या होत्या. ज्यांनीं नुसता घाव घातला, त्या अशा माणसावर पडल्या कीं ज्याला त्या क्षणीं उत्तर देतां येत नव्हतें. फार तर पुढचा चेंडू अधिक भीत भीत खेळतां येत होता. आळसानें, बेपर्वाईनें खेळलेल्या सामन्याअखेर साऱ्या संघास मिळून दिलेली समज ही मधली गोष्ट. ती कडू असली तरी अन्याय्य म्हणतां येणार नाहीं. खेळ चालू असतां एकट्याला गांठून केलेला धिक्कार मात्र कोणत्याच हिशेबांत बसत नाहीं.

प्लेटोला वाटलें होतें कीं गर्दीला पारख नसतेच. सिसेरोला वाटलें, गर्दीचा कौल हाच खरा कौल. मैदानाचा अनुभव या दोहोंच्या मधला आहे : गर्दीला अन्याय चटकन् कळतो, पण अन्याय करणारा कोण, हें तिला पुष्कळदां उशिरा कळतें. शिटी तोंडाशीं नेण्यापूर्वीं वरच्या कांचेच्या कक्षाकडे एकदां पाहून घेण्याइतका अवसर प्रत्येक प्रेक्षकाला असतो, आणि तेवढा त्यानें अवश्य घ्यावा.